बॅटरीभाऊ

वीज गेली की गल्लीत कुठल्या तरी एका गाडीचं बॉनेट उघडतंच. तुमच्या गल्लीत ते कोण उघडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या त्रिमूर्तीनगरात उघडतात ते बॅटरीभाऊ.

दुकानातून घरासाठी इन्व्हर्टर-बॅटरीचा अख्खा संच आणणाऱ्याला भाऊ माणसांत धरत नाहीत. "दारात एवढं जनित्र उभं असून विजेसाठी रडून राहिले!" असं म्हणत ते आपल्या जुन्या मारुती आठशेच्या टपावर थाप मारतात.

कोणाकडेही गेले की पाण्याचा पेला हाती घेण्याआधी ते फ्रिजच्या मागे डोकावतात. "किती ओढते?" मिक्सर उलटा करतात. "किती ओढते?" आमच्याकडे वर्ध्याचे काका आले होते. भाऊंनी त्यांच्याशेजारच्या टीव्हीकडे बघत तोच प्रश्न टाकला. काकांनी घाबरून काकूंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दिवसाला दोनच."

उत्तर वॉटमध्ये मिळालं की भाऊ त्याला गाडीच्या बॅटरीच्या बारा व्होल्टनं भागतात. पंखा पंचाहत्तर वॉटचा, म्हणजे सव्वासहा अँपिअर. गाडीच्या बॅटरीला जोडायचा छोटा इन्व्हर्टर मध्ये आपला वाटा खातो, म्हणून सात धरा. बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. म्हणजे पाच तास झोपा! कागदावर. प्रत्यक्षात गाडीची बॅटरी शंभर मीटर पळणारी, तिला वारीला नेऊ नये. स्टार्टरला दोन सेकंद शेकडो अँपिअर देईल. पण रात्रभर थेंबाथेंबानं पिळली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट चढून कायमची खचेल. भाऊंनी अशा किती खचवल्या, ते वहिनींना विचारा.

खरी कसोटी कूलरची. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं. जवळच्या कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आमच्या वाट्याला, वीज भलत्याच्या. मे महिना, पारा सेहेचाळीसवर. कूलर दोनशे वॉटचा आणि गाडीतल्या लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण पंधरा अँपिअरचा, तो पहिल्याच दणक्यात गेला. मग भाऊंनी सीताबर्डीच्या बाजारातून जाड वायर आणली, थेट बॅटरीला क्लिपा लावल्या आणि इन्व्हर्टर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. एवढा भार नुसत्या बॅटरीवर टिकत नाही, इंजिन चालू हवं. आणि नुसत्या आयडलिंगवर अल्टरनेटर पुरेसं देत नाही. म्हणून घरातली मंडळी कूलरसमोर घोरत असताना भाऊ रणरणत्या उन्हात, एसी नसलेल्या गाडीत, अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून दुपारभर निथळत बसले. संध्याकाळी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "अठरा ओढून राहिला होता." चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद.

गाडी मात्र कायम अंगणात, उघड्यावर. बंद जागेत इंजिन चालवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासही न देता माणूस मारतो, एवढं शहाणपण त्यांच्यात आहे. बाकीचं शहाणपण मी शोधतो आहे. शेजारचे आजोबा गेले तेव्हा त्यांना विजेवरच्या थंड पेटीत ठेवलं होतं; सगळे हात जोडून उभे. भाऊ वाकले. आम्हाला वाटलं, पायांना हात लावतील. त्यांनी पेटीमागची पट्टी वाचली.

हे वेड कुठून आलं, ते एकदा पोहे खाता खाता त्यांनीच सांगितलं. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. काटोलकडच्या त्यांच्या गावात त्या वेळेला वीज हमखास नसायची. तेव्हाच्या छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हींना मागे बारा व्होल्टची जागा असे. ट्रॅक्टरची बॅटरी काढून देवळात आणायची, क्लिपा धरायला हा पोरगा. बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी बाजूंनी आकसत जायचं. "राम एवढासा व्हायचा," भाऊ चिमटीनं दाखवत म्हणाले, "आणि सारं गाव माझ्याकडे पाहायचं." तेव्हापासून कोणाचंच चित्र आकसू द्यायचं नाही, असं या माणसानं ठरवलेलं दिसतं. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत गल्लीतली पोरं त्यांच्याच अंगणातल्या दिव्याखाली अभ्यास करायची, माझीही. सकाळी गाडी ढिम्म हलत नसे. "जरा हात लावता का?" मग पोरं, दूधवाला, बनियनवरचा मी, सगळे मिळून ढकलत चौकापर्यंत. दुसऱ्या गियरवर गचका देऊन ती सुरू झाली की टाळ्या.

परवा समोरच्या पोरानं विजेवरची नेक्सॉन घेतली. २०२३ पासून त्या गाडीतून घरची उपकरणं चालवायची सोय कंपनीच देते, ३.३ किलोव्होल्ट-अँपिअरपर्यंत. वादळात वीज गेली. पोरानं एक प्लग खोचला. कूलर, फ्रिज, टीव्ही, सगळं सुरू. भाऊ बघायला गेले. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडायचं कारणच नव्हतं.

"किती ओढते?"

"माहीत नाही काका. चालते."

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या चकचकीत टपावर सवयीनं थाप मारून म्हणाले, "चांगली आहे बे. पण हिला धक्का मारायला कोणाला बोलावशील?"