पन्नास षटकांची शिदोरी

माझे मामा यवतमाळला एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि सुनील गावसकर हे त्यांचं दैवत होतं. ही भक्ती कचेरीच्या वेळेतही चालू असे. टेबलावर फाइल आली की आधी तिचा टप्पा बघायचा, ऑफ स्टंपाच्या बाहेर असली तर हात न लावता शेजारच्या टेबलाकडे जाऊ द्यायची, आणि साहेबांनी बाउन्सर टाकला की मान खाली घालायची, हे तंत्र त्यांनी गावसकरकडून उचललं होतं. नोकरीत ते कधी बाद झाले नाहीत. बढतीही मिळाली नाही, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे.

१९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडनं साठ षटकांत ३३४ धावा केल्या आणि उत्तरादाखल गावसकर पूर्ण साठ षटकं उभा राहून १७४ चेंडूंत ३६ धावा करून नाबाद परतला. साऱ्या देशानं त्याला नावं ठेवली. मामांच्या मते ती जगातली सर्वश्रेष्ठ खेळी होती. कुणी हसलं की ते शांतपणे विचारत, "साठ ओव्हरात गोऱ्याइनं त्याले आउट केलं का? नाही ना? मंग जितलं कोन?" भारत २०२ धावांनी हरला होता, ही बाब ते तपशिलात जमा करत.

तर १९८७ साली विश्वचषक पहिल्यांदाच इंग्लंडच्या बाहेर पडून भारत-पाकिस्तानात आला, आणि त्यातला एक सामना चक्क नागपूरला आला. ३१ ऑक्टोबर, शनिवार, न्यूझीलंडविरुद्ध. गावसकर कसोटीतला शेवटचा डाव त्याच मार्चमध्ये बंगलोरला खेळून चुकला होता. आता नाही पाहिला तर कधीच नाही, असं म्हणून मामांनी दोन तिकिटं पैदा केली. दुसरं मामींसाठी होतं. मामी म्हणाल्या, "ना बाप्पा! टीव्हीवर घरबसल्या दिसते ना सगळं." म्हणून मी गेलो. मी पाचवीत होतो आणि दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या.

मामींनी यायचं नाकारलं तरी शिदोरी त्यांनीच बांधली, आणि ती मामांच्या आराखड्याप्रमाणे. न्यूझीलंडच्या डावाला फारसं महत्त्व नव्हतं, त्यांच्यासाठी चिवडा. दुपारच्या सुट्टीत पोळ्या, बटाट्याची भाजी आणि ठेचा. खरी तयारी गावसकरच्या डावाची. तो पन्नास षटकं खेळणार हे गृहीतच होतं. दहाव्या षटकाला चकल्या, विसाव्याला सांबारवडी, तिसाव्याला शंकरपाळे, चाळिसाव्याला आलूबोंडे आणि पन्नासाव्याला बेसनाचे लाडू. प्रत्येक डब्याला फडक्याची गाठ. मी विचारलं, "मामा, सेंच्युरी झाली तर?" त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. शंभरावर एकदिवसीय सामने खेळूनही गावसकरनं त्यात एकही शतक केलं नव्हतं. "वनडेत सेंच्युरी काऊन मारन बे तो? त्याले काय घाई हाय?"

पहाटे यवतमाळच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा ती सुटायच्या आधीच भरलेली होती. खिडक्यांमधून इतके रुमाल पडले होते की प्रवाशांपेक्षा रुमालच जास्त. मामांनी दारातून सभ्यपणे प्रवेश केल्यामुळे आम्हाला जागा मिळाली ती मागच्या बाकावर, टायरच्या वर. डब्यांची पिशवी मांडीवर मी धरायची होती. कळंबला चिंतामणीला बसमधूनच हात जोडले. देवळीच्या अलीकडे इंजिन तापलं, मग ड्रायव्हर आणि तीन-चार जाणकार मिळून त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि ते आपोआप निवलं. वर्ध्याला जी पोरं चढली ती दारातून चढली नाहीत. त्यातलं एक थेट माझ्या पिशवीवर उतरलं आणि तिसाव्या षटकाचा डबा त्याच जागी बसला.

वर्ध्याहून धोतर-टोपीतले एक म्हातारबाबाही आले होते. बुटीबोरीला नातीच्या सोयरिकीसाठी चालले होते. इतकी गर्दी बघून त्यांनी मामांना विचारलं, "कोन्त्या देवाची जत्रा हाय जी?"

"गावसकरची," मामा म्हणाले.

"नवसाले पावते का?"

"उशिरा पावते, पन पावते."

म्हातारबाबांनी समाधानानं मान हलवली आणि तिथूनच नागपूरच्या दिशेला हात जोडले. मुलाकडचेही उशीर करून राहिले होते म्हणे.

गणेशपेठेच्या स्टँडवर उतरून सायकलरिक्षा केली. ती लोहापुलाशी अडकली, पुढे गेली, बर्डीवर पुन्हा अडकली. शेवटी झिरो माइलपासून आम्ही पायीच निघालो. सिव्हिल लाइन्समधलं व्हीसीएचं मैदान दिसण्याआधी ऐकू आलं. टॉस होऊन गेला होता, न्यूझीलंड फलंदाजीला आलं होतं आणि आम्ही अजून फाटकावर होतो, कारण तिथल्या हवालदारांना डब्यांचा संशय आला. त्यांनी सगळ्या गाठी सोडायला लावल्या. एक चकली त्यांनी तपासली. ती ठीक निघाली म्हणून दुसरी तपासली. सांबारवडीची तपासणी दोघांनी मिळून केली. मामा एकही शब्द बोलले नाहीत. बाहेरचा चेंडू होता.

आता मैदानात बसून सामना पाहणं म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढच्या काळात आमच्या जिल्ह्यात निदान लाखभर माणसं हा सामना मैदानात बसून पाहिल्याचं सांगू लागली आणि त्यातल्या एकानंही हे सांगितलेलं नाही. काही दिसत नाही. तेव्हा सगळे पांढरे कपडे घालत, पाठीवर नाव नाही, नंबर नाही. हिरवळीवर मुंग्यांएवढी पांढरी माणसं इकडून तिकडे जातात. चेंडू तांबडा, पण तो तांबडा असल्याचं शपथेवरच सांगावं लागतं. समोर काय चाललंय हे कळावं म्हणून लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेले. आमच्या शेजारच्या इसमाकडे असा एक ट्रान्झिस्टर होता आणि आमच्या रांगेचा तोच डोळा होता.

माझ्यापुढे एक भरदार गृहस्थ बसले होते. नागपुरी ऊन चढलं तसा त्यांनी शर्टाचा कॉलर मागे ओढला आणि त्याच्या आतल्या बाजूला लाँड्रीवाल्यानं काळ्या शाईनं घातलेला नंबर दिसू लागला. सात, मग एक फुली, मग तिरकी रेघ, तिच्यावर दोन टिंबं. चेतन शर्माची हॅटट्रिक झाली तेव्हा मी तो नंबर पाहत होतो.

सकाळपासून लोक चेतनच्या मागे लागले होते. आदल्या वर्षी शारजात मियाँदादनं त्याच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारून सामना नेला होता आणि ते नागपूर विसरलं नव्हतं. तो सीमारेषेजवळ आला की "मियाँदाद, मियाँदाद" सुरू. मग त्याच्या एका षटकात रदरफर्डचा त्रिफळा उडाला. कॉलर उभा राहिला. पुढच्या चेंडूला इयन स्मिथचा त्रिफळा. कॉलर बाकावर चढला. मी मामांचा हात ओढला, पण ते दुपारच्या पोळ्यांचे भाग पाडत होते. षटकाच्या शेवटच्या चेंडूला चॅटफिल्डचा त्रिफळा उडाला आणि आख्खं मैदान बाकावर चढलं, मी सोडून. विश्वचषकातली ती पहिलीवहिली हॅटट्रिक. माझ्या वाट्याला त्यातला सात, फुली आणि दोन टिंबं आली. चेतनला मात्र नागपूरनं तिथल्या तिथे माफ केलं. शारजात वारंच उलटं होतं, इथपर्यंत लोक आले.

न्यूझीलंडच्या झाल्या २२१. सुट्टीत ठेचा खाता खाता ट्रान्झिस्टरवाल्यानं समजावलं की नुसतं जिंकून भागणार नाही. २२२ धावा ४२.२ षटकांच्या आत केल्या तर भारत ऑस्ट्रेलियाच्या वर जाऊन गटात पहिला येईल आणि उपांत्य सामना मुंबईत, इंग्लंडशी. नाहीतर लाहोरला जाऊन पाकिस्तानशी. मामांना हे अजिबात पटलं नाही. जिंकण्याला वेळेचं बंधन घालणं म्हणजे त्यांना फाइलीवर 'तातडीचे' असा शिक्का मारण्यातला प्रकार वाटला. तो शिक्का कुणी मारतं आणि काम दुसऱ्यालाच करावं लागतं. शिवाय ४२.२ षटकांत संपलं तर लाडवांचं काय?

गावसकर आणि श्रीकांत उतरले. मामा उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली, खाली बसले आणि दहाव्या षटकाच्या डब्याची गाठ हवालदारानं कशी वाईट बांधली आहे ते बघू लागले. डाव नीट सुरूही झाला नव्हता. चॅटफिल्ड गोलंदाजी करत होता आणि एक चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला.

"श्रीकांत," मामा गाठीवरची नजर न हलवता म्हणाले.

"गावसकर," ट्रान्झिस्टरवाला म्हणाला.

दुसरा चेंडू. पुन्हा षटकार.

"श्रीकांतच आहे तो. याचं असंच असते."

"अवो, गावसकर म्हनून राहिला हा!" त्यानं ट्रान्झिस्टर मामांच्या कानाला लावला. तेवढ्यात चौकार. मग आणखी एक चौकार. मामांनी ट्रान्झिस्टर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि परत देत म्हणाले, "सेल बदला. स्टेशन भलतंच लागून राहिलं."

बिचारा चॅटफिल्ड! पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवून घेऊन कुणाची तरी हॅटट्रिक पूर्ण करायची, जेवायचं, आणि जेवण जिरायच्या आत सहा, सहा, चार, चार. आणि तेही गावसकरकडून. मला त्याच्याबद्दल अजून वाईट वाटतं. तो मनुष्य गावसकरचा अभ्यास करून आला असणार, आणि अभ्यास मामांनीही केलाच होता.

पुढचं फार भराभर झालं. श्रीकांतनं ७५ काढल्या. सलामीला १३६ झाल्या. मामा मागे पडत गेले. सांबारवडीचा डबा उघडेपर्यंत षटकं पुढे निघून गेलेली असायची. खायचं की पाहायचं हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच पडला होता, कारण गावसकरच्या फलंदाजीत आजवर दोन्ही निवांत जमायचं. मला मात्र एकदा दिसलं. कॉलर पाणी प्यायला गेला होता. समोरच्या टोकाला तो बुटका माणूस एक पाय पुढे टाकून वाकला, बॅट पुरी फिरली आणि पलीकडच्या बाजूचे हजारो लोक क्षणभर वर बघत राहिले. आवाज आमच्यापर्यंत नंतर आला.

शतक ८५ चेंडूंत. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं पहिलं, १०७ व्या सामन्यात. सगळं मैदान नाचत होतं. मामा बसून होते. त्यांच्या मांडीवर शंकरपाळ्यांचा चेपलेला डबा होता, बंद. "बरा खेळला," इतकंच म्हणाले. सामना ३२.१ षटकांत संपला. गावसकर नाबाद १०३.

परतीच्या बसमध्ये रात्री मला सडकून भूक लागली. मांडीवर आलूबोंडे आणि लाडू शाबूत होते.

"मामा, लाडू?"

"पन्नासावी ओव्हर झाली का?"

वर्ध्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. वर्ध्याला त्यांनी स्वतः डबा उघडला आणि आख्ख्या मागच्या बाकाला एकेक लाडू दिला. स्वतः घेतला नाही. घरी पोचलो तर मामी जाग्या होत्या. तिन्ही त्रिफळे कसे उडाले, कोणता चेंडू कुठे पडला, गावसकर कसा पुढे आला, सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं. मी डोळे फाडून ऐकलं.

सकाळी पेपर आला. मामा चहा न घेता वाचत होते. अचानक ते ताठ झाले. "अवो! ऐकलं का? ताप होता त्याले!" गावसकर अंगात ताप असताना खेळला होता. मामांच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. "मी म्हटलंच होतं. शुद्धीवरचा मानूस असं करन का?"

५ नोव्हेंबरला मुंबईत उपांत्य सामना होता. इंग्लंडच्या गूचनं स्वीप मारून मारून ११५ केल्या, भारताला हव्या होत्या २५५. गावसकर उतरला, ४ धावांवर डिफ्रेटसनं त्याचा त्रिफळा उडवला आणि शेजाऱ्यांच्या घरातल्या टीव्हीसमोर बसलेल्या पन्नास माणसांनी एकदम डोकं धरलं. मामा तेवढे उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "ताप उतरला वाट्टे."