जे आधी येईल ते

मोटारसायकलबरोबर मिळणारी पुस्तिका कुणी वाचत नाही, आणि हे ती लिहिणाऱ्यालाही माहीत असावं. एरवी इतकं परखड बोलायची त्याची छाती झाली नसती. देखभालीच्या तक्त्याखाली बारीक टायपात तो लिहून जातो : ऑइल अमुक इतक्या किलोमीटरनंतर किंवा अमुक इतक्या महिन्यांनंतर बदलावे, यांपैकी जे आधी येईल ते. गाडी नवी असते तेव्हा या वाक्यातल्या महिन्यांना काही कामच नसतं. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी ‘आंबोली?’ एवढंच विचारतं, रविवारी रात्री चिखलाने माखलेली गाडी पार्किंगमध्ये येते आणि मीटर सातशेने पुढे गेलेला असतो. पुढे घराचे हप्ते सुरू होतात, मुलांची दहावी-बारावी येते, पाठीचे मणके आपापल्या क्रमांकांसह ओळख करून देऊ लागतात. आणि एका वर्षी ध्यानात येतं, की महिने भरलेत आणि किलोमीटर अजून निम्म्यावरही आलेले नाहीत. चाळिशी लागल्याचं चष्मेवाला सांगतो. पन्नाशी जवळ आल्याचं ऑइल सांगतं.

माझ्याकडची गाडी होंडाची सीबीआर २५०आर. २०११ साली ती भारतात आली तेव्हा लांब पल्ल्याच्या भटक्यांना एकदम भावली. सिलिंडर एकच, पण पाण्याने थंड होणारा. दिवसभर पळवा, कुरकुर नाही. २०२० मध्ये बीएस-६चे नियम आले आणि आपल्याकडे तिची विक्री थांबली. तेव्हापासून ती ‘जुनी गाडी’ या सदरात गेली. नाना पेठेत तिचा एखादा पार्ट मागितला की दुकानदार आधी माझ्याकडे निरखून बघतो आणि मग ‘ओरिजिनल देऊ का लोकल?’ असं विचारतो. लेहपर्यंत जाऊन आलेली ही गाडी हल्ली मंडईपर्यंत जाते. मागच्या सीटला जिथे पेट्रोलचा कॅन बांधायचो, तिथे आता मेथीच्या जुड्या असतात.

तेव्हा ऑइल बदलायचं ते आता कालनिर्णय बघून. मी पाडवा आणि दसरा असे दोन दिवस धरून ठेवलेत. दोन्ही साडेतीन मुहूर्तांतले, मधलं अंतर सहा महिन्यांचं, आणि विसरायची सोय नाही, कारण दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालायचाच असतो. अधिक मास मध्ये आला की तेलाला एक महिना जादा मिळतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणाने तो दिला होता. आमच्या मेस्त्रीला हे वेळापत्रक मान्य आहे. तो म्हणतो, ‘काका, लोक मुहूर्त बघून गाडी घेतात, पण ऑइल बदलायला मुहूर्त बघणारे तुम्ही एकटेच.’

आमच्या कॉलेजच्या काळात हा प्रश्नच नव्हता. तेव्हा रस्त्यावर टू-स्ट्रोकचं राज्य होतं. येझदी, राजदूत, आणि ज्यांचे वडील जरा सैल हाताचे त्यांची आरएक्स १००. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइलचं माप पडायचं, ते पेट्रोलबरोबरच आत जायचं आणि निळा धूर होऊन मागच्या माणसाच्या तोंडावर यायचं. गिअरच्या तेलाकडे सहा-सहा महिने कुणी बघायचं नाही. इंजिनातलं तेल रोजच्या रोज जळून जायचं, त्यामुळे जुनं व्हायला त्याला सवडच मिळत नसे. आमचंही तेव्हा तसंच चाललं होतं.

फोर-स्ट्रोकमधलं तेल जळत नाही. ते आत राहतं आणि सगळं सोसतं. त्यातही मोटारसायकलचं तेल म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली सून. चारचाकीत इंजिनाचं तेल इंजिनापुरतं बघतं, गिअरबॉक्सचा संसार वेगळा. इथे मात्र पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर आणि वर क्लचच्या प्लेटा, सगळं एकाच तेलात. म्हणून चारचाकीचं महागडं तेल मोटारसायकलमध्ये ओतू नये असं सांगतात. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. ते गेलं की प्लेटा घसरतात, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. डब्यावर ‘जासो’ या मानकाखाली ‘एमए’ ही अक्षरं शोधायची ती यासाठी.

तेल काळं पडलं म्हणजे खराब झालं, अशी आपली एक ठाम समजूत आहे. वास्तविक चांगल्या तेलात साफसफाईची द्रव्यं घातलेली असतात. ती काजळी धरून ठेवतात, कुठे साचू देत नाहीत, आणि म्हणून तेल काळं दिसतं. काळं तेल हे काम केलेलं तेल. खरी काळजी करावी ती दुधाळ तेलाची. डिपस्टिक बाहेर काढल्यावर तेल दुधाळ दिसलं, तर पाणी आत गेलंय. पाण्याच्या पंपाचं सील किंवा हेडचं गास्केट, दोहोंपैकी एकाने मान टाकलेली असते.

थोडं पाणी मात्र काहीही बिघडलेलं नसताना आत येतं, आणि महिन्यांच्या त्या अटीचं एक मोठं मूळ इथे आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. थंड इंजिनात तिचं पाणी होतं. सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही येतं. इंजिन पुरतं तापून बराच वेळ चाललं, तर हे पाहुणे पुन्हा वाफ होऊन निघून जातात. घर ते मंडई या पल्ल्यात इंजिनाला नीट तापायलाच मिळत नाही. पाहुणे मुक्काम ठोकतात, तेल पातळ होतं, आम्लं तयार होतात. म्हणजे लेहला जाताना खिंडींतून धापा टाकत चढलेलं इंजिन जितकं सुखी होतं, तितकं ते मेथी आणताना नसतं. हा शोध मी जपून ठेवला आहे. पुढे उपयोगी पडणार आहे.

ऑइल बदलायचं काम तसं सोपं. आधी गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. खाली पसरट घमेलं ठेवायचं, रिंग पान्याने तळचा बोल्ट सैल करायचा आणि शेवटचे दोन-तीन आटे हाताने सोडवायचे. बोल्ट सुटतो त्या क्षणी तेलाची धार आपण योजलेल्या जागेच्या चार बोटं पुढे पडते, हा सृष्टीचा नियम आहे. म्हणून घमेलं आधीच पुढे सरकवायचं. सुरुवातीला धार जाड, एकसंध, आवाज न करणारी. मग ती बारीक होत मागे सरकते, एका धाग्यावर येते, धागा तुटतो आणि थेंब सुरू होतात. दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. संपलं असं वाटून बोल्ट उचलावा तर आणखी एक पडतो. या अवधीत करण्यासारखं काहीच नसतं. हात काळे असल्याने फोनही उचलता येत नाही. शहरी माणसाला असा निरुपाय फार क्वचित लाभतो.

थोडं तेल दोन बोटांत चोळून बघायचं. बोटावर अगदी बारीक रुपेरी चमक दिसली तर हरकत नाही, एवढ्या वर्षांत गिअर थोडे झिजणारच. कण टोचायला लागले तर मात्र मेस्त्रीकडे जायचं. मग बोल्टाला नवा वॉशर, फिल्टर नवा, आणि बोल्ट आधी हातानेच बसवायचा. चेंबर अ‍ॅल्युमिनिअमचं असतं. पाना घेऊन जोर दाखवायला गेलं की आटे जातात, आणि बोल्टापेक्षा चेंबर किती महाग असतं ते नाना पेठेत गेल्यावर कळतं. फिल्टर बदलला असेल तर या गाडीला दीड लिटर तेल पुरतं. रिकामा डबा फेकण्यापूर्वी त्याला भोकं पाडायची. चांगल्या कंपनीचे रिकामे डबे पुन्हा भरून विकणारे लोक असतात.

त्यानंतर कूलंट. या गाडीला मेन स्टँड नाही, आणि साइड स्टँडवर कललेल्या गाडीत तेल काय नि कूलंट काय, कसलीच पातळी खरी दिसत नाही. म्हणून तिला कुणीतरी सरळ धरून बसावं लागतं. आमच्या घरी हे पद सौभाग्यवतींकडे आहे. ती सीटवर बसून हँडल धरते आणि मी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात प्लास्टिकच्या टाकीवरच्या दोन रेघा शोधतो.

‘अहो, दिसलं का?’

‘जरा थांब, पातळी स्थिर होऊ दे.’

‘तुमची का गाडीची?’

दोन रेघांच्या मध्ये कुठेही हिरवं पाणी दिसलं की झालं. हिरवा, निळा, गुलाबी हा नुसता रंग असतो. गुणाशी त्याचा संबंध नाही. आत साधारण निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, ज्याचा पुण्यात काहीही उपयोग नाही. उपयोग आहे तो दुसऱ्या टोकाला. ग्लायकॉलमुळे उकळबिंदू वाढतो, आणि रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे शंभर अंश ओलांडल्यावरही ते उकळत नाही. खारदुंग खिंडीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ऐंशीच्या जरा पुढे गेलं की उकळतं; तिथे गाडीला तारतं ते हे झाकण. म्हणूनच तापल्या इंजिनावर ते कधीही उघडू नये. दाब उतरताच आतलं सगळं क्षणात उकळून अंगावर येतं.

‘नळाचं पाणी घातलं तर?’ हा प्रश्न पार्किंगमधून जाणारा प्रत्येक शेजारी विचारतो. नळाच्या आणि विशेषतः बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती गाडी उभी असली तरी हळूहळू संपतात. म्हणजे कूलंटही तारखेनेच म्हातारं होतं. ते चवीला गोड असतं आणि विषारीही, त्यामुळे सांडलेलं तसंच ठेवलं तर सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन दगावतात. फरशी धुऊन पुसून घेणं हा या कामाचाच भाग आहे.

माझा एक मित्र जुन्या बुलेटवाला. त्याला हे सगळं बघून फार गंमत वाटते. ‘काय रे, पाजलंस का पाणी?’ असं तो वरच्या गॅलरीतून विचारतो. त्याचं इंजिन वाऱ्याने थंड होतं, हा त्याच्या घराण्याचा अभिमान. वारा सुटलेला असतो तोवर ते ठीकच आहे. पण कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता वारा कुठून आणायचा? तिथे माझा रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गुडघ्यांवर गरम झोत सोडतो. त्याचं इंजिन मात्र नुसतंच तापत राहतं. शिवाय त्याच्या त्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लचच्या बाजूचं वेगळं. थोरल्या सुनेने तिथे तीन चुली मांडल्यात. २०२३ च्या नोव्हेंबरात रॉयल एन्फिल्डने हिमालयन ४५० आणली, कंपनीची पहिली पाण्याने थंड होणारी गाडी. त्या दिवसापासून गॅलरीतून पाण्याचा विषय निघालेला नाही.

उरतं ते जळकं ऑइल. कोकणात आमच्या काकांकडे त्याला फार मान असायचा. कुंपणाचे खांब पुरण्याआधी त्यात बुडवायचे, वाशांना त्याचा हात मारायचा, म्हणजे वाळवी लागत नाही. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायचे, काँक्रीट चिकटू नये म्हणून. आता कळतं, की असं तेल जमिनीत आणि पाण्यात मुरणं बरं नाही. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडे जायला हवं. म्हणून मी ते जुन्या डब्यात भरून मेस्त्रीच्या पिंपात ओतून येतो. तो म्हणतो, ‘काका, तुमचं ऑइल अजून चांगलंय, गाडी फिरतच नाही.’ त्याला त्या पाहुण्यांचं सांगायचं राहून जातं.

घरी मात्र सांगितलं. यंदाच्या पाडव्याला गाडी सरळ धरलेली असतानाच विषय काढला. पेट्रोलचं पाणी होतं, पाणी तेलात साठतं, इंजिन चांगलं पाऊण तास तापून पळाल्याशिवाय ते जात नाही, तेव्हा गाडीच्या तब्येतीसाठी महिन्यातून एकदा लांब जायला हवं. निदान वाई. तिथून पसरणी घाट.

‘म्हणजे गाडीतलं पाणी घालवायला घाट चढायचा?’

‘हो.’

‘मग मी कशाला? तुमचं तुम्ही घालवून या.’

मी म्हणालो, तुला ढोल्या गणपतीचं दर्शन होईल, आणि उतरताना पाचगणीची स्ट्रॉबेरी घेऊ. ती तयार झाली. चढावर मागे वजन असलं की इंजिन अधिक चांगलं तापतं, हे तांत्रिक कारण मी मनातच ठेवलं.