डाव्या पायाचा माणूस

आमच्या परभणीत बारावीनंतर कुणी स्पर्धा परीक्षेला बसतं, कुणी कृषी विद्यापीठात जातं. आणि दर गल्लीत एखादा ड्रमर निघतो. त्याला ओळखणं सोपं: मागच्या खिशात कंगव्याच्या जागी दोन काड्या, आणि हॉटेलात चहा घेताना टेबलाखाली डाव्या पायाचा वेगळाच कारभार. पाय हाय-हॅटच्या, म्हणजे जोडझांजेच्या, पेडलवर असतो म्हणे. पेडल अजून यायचं असतं.

आमच्या शेजारच्याच्या घरी आधी झांजाच आल्या. “जर्मनीच्या हायत, काका!” म्हणजे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही दोन्ही गावं एकाच पत्र्याखाली नांदायला लागली. झांजा पितळी होत्या. भारीतल्या काशाच्या असतात, 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील, हे तो सराफासारखं सांगतो. इस्तंबूलच्या झांजा घडवणाऱ्या झिल्जियन घराण्याचं 1623 साल तर असं, जणू त्याचं आजोळच.

मग ड्रमही आले, पण वाजवायला बसला की घोटाळा. उजव्या हाताने हाय-हॅटवर आठ सारखे ठोके द्यायचे, पहिल्या-तिसऱ्या मात्रेला उजव्या पायाने मोठा ड्रम, दुसऱ्या-चौथ्याला डाव्या हाताने छोटा स्नेअर ड्रम. कागदावर सोपं आहे. पण पाय पडला की हातही त्याच्यासोबत पडतो. वाटणी होऊनही एकाच चुलीवर जेवणारे भाऊ जसे. क्रॅश नावाच्या झांजेवर काडी तिरपी, निसटती मारायची असते. हा नारळ फोडतो. वर झांज हलू नये म्हणून त्याने पाकळीचा नट पान्ह्याने आवळलेला. झांज झुलली नाही तर गाणार कशी? ती नुसती ‘ठण्ण’ करून गप्प बसते. अशीच आवळून ठेवली तर एक दिवस तडकेल, हेही मीच सांगायचं.

त्याचे आबा टाळकरी. शेगावची पालखी परभणीत आली की गंगाखेडपर्यंत, जनाबाईच्या गावापर्यंत, चालत जातात. हातात टाळ, तोंडात अभंग, पायात पावली. तिघांची कधी भांडणं नाहीत. परवा ते दारात उभे राहून बराच वेळ बघत होते.

“पाय कशापायी बांधून ठेवलास रे? ऊठ.”

नातवाच्या हातात टाळ दिले, पावली दाखवली. तिसऱ्या पावलाला नातू आबांच्या अंगठ्यावर. आबा कण्हत स्टुलावर बसले, आणि बसल्या बसल्या काडीने क्रॅशची कड हलकेच चाटली. (नट मी आदल्याच दिवशी सैल केला होता, हे श्रेय मी सोडणार नाही.) झांज लांबच लांब गायला लागली. आबांनी घाईने तिची कड मुठीत धरली.

“नाद झाकावा लागतो बाबा. नायतर पुढच्या चरणात घुसतो.”

“आबा, याला चोक म्हणतात! मला दोन महिने जमंना!”

“म्हणत असतील,” आबा म्हणाले, आणि अंगठा चोळत तेल मागू लागले.