एकोणतिसाचा पाढा

नवी आई ओळखायची असेल तर तिच्या कडेवर बाळ शोधू नका. लिफ्टची वाट बघत ती भाजीची पिशवी घेऊन उभी असते आणि उभ्या उभ्या संथ झुलत असते. मधूनच पिशवीतल्या कोबीला थोपटते. शेजारी कुणी मोठ्याने बोललं की ओठांवर बोट ठेवते. कोबी उठेल ना!

असा एक नमुना सध्या आमच्या डोक्यावर राहतो. माझी भाची. बँकेत कर्ज मंजूर करणारी अधिकारी. बाळंतपणाला डोंबिवलीत माझ्या बहिणीकडे आली आहे, आणि मी बरोब्बर खालच्या मजल्यावर. त्यामुळे रात्री तीनला बेडरूम ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर अशी तिची पावलं मी छतावरून ऐकते. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. रजा म्हणे!

पहिल्या तपासणीला डॉक्टर हसून म्हणाले, “नवजात बाळ दिवसाचे 16-17 तास झोपतं.”

भाचीने विचारलं, “कुणाचं?”

मग खुलासा झाला. झोपतं खरं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. पोट एवढंसं, आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळे भूक लगेच तयार. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळायलाही दोन-तीन महिने लागतात. बँकेतली बाई ती, तिच्या लगेच लक्षात आलं की आपली झोपेची नोट मोडली. आता वीस मिनिटं इथे, पस्तीस तिथे अशी चिल्लर मिळणार, आणि कितीही मोजली तरी तिची नोट होणार नाही.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून घर जागं ठेवायचं असतं. बहिणीने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. पेनात शाई नव्हती, जावईबापूंनी खिशातलं दिलं. आम्ही बायकांनी पत्ते मांडले, चहाच्या फेऱ्या झाल्या. जागायला एवढी माणसं हजर, तेव्हा भाचीला सगळ्यांनी सांगितलं, तू झोप गं. बाळ त्या रात्री पत्त्यांच्या आरडाओरड्यातही गाढ झोपलं. “गुणी आहे हो,” सगळ्यांनी माना डोलावल्या. डोळा लागला नाही तो फक्त भाचीचा, आमच्या गलक्याने. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि बाळ कामावर रुजू झालं. त्याच्या कपाळी काय लिहिलंय ते कळेल पुढे, आईच्या डोळ्यांखाली काय लिहिलंय ते आत्ताच वाचता येतं.

आता ते झोपवणं. खांद्यावर मान टाकली म्हणजे बाळ झोपलं असं समजणारा माणूस बाप असतो. तान्हं बाळ आधी वरवरच्या झोपेत शिरतं. पापण्यांआड डोळे फिरतात, ओठ चोखत राहतात, गाढ झोप बरीच नंतर लागते. तोवर भाची फेऱ्या मारते आणि अधूनमधून त्याचा हात दोन बोटांनी उचलून सोडून बघते. हात निर्जीवपणे पडला तर पुढचं पाऊल, नाहीतर पुन्हा एकोणतीस एके एकोणतीस. हो, पाढा. अंगाया पहिल्या आठवड्यात संपल्या, आरत्या झाल्या, केवायसीचे नियम चालीवर म्हणून झाले. शेवटी बाळाने पसंत केला तो एकोणतिसाचा पाढा. शाळेत तो तिला ‘साती’च्या पुढे कधी आला नाही. आता उलटाही येतो.

मग पाळणा. आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी गेलं तर बाळाला आपण पडतोय असं वाटतं, ते दोन्ही हात फेकून दचकतं आणि पाढा पहिल्यापासून. त्याच्या मानेखालचा आपला हात काढायला जो वेळ लागतो तेवढ्यात मी पोळ्या करून मोकळी होते. बांगड्या तिने याचसाठी उतरवून ठेवल्यात, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की दिसणाऱ्या हातात दोन चढवते. शेजारी मिक्सर फिरू दे, खाली वरातीचा बँड वाजू दे, बाळ ढिम्म. उठतं ते आईचा गुडघा ‘कट’ वाजला की.

कुठल्या बाजूने पाजलं हे लक्षात राहत नाही म्हणून कपड्याला सेफ्टी पिन लावते. पाजून झालं की पिन दुसऱ्या खांद्याला. दीड महिन्याच्या लसीला रिक्षाने निघालो होतो. चौकात रिक्षावाल्याने विचारलं, “ताई, डावीकडे की उजवीकडे?” हिने खांदा चाचपला आणि ठामपणे म्हणाली, “उजवीकडे.” दवाखाना डावीकडे होता.

सकाळी दहाला मालीशवाली बाई येते. तेल, आंघोळ, धुरी झाली की बाळ दोन तास मेल्यागत पडतं. तेव्हा हिने झोपावं असं गावाचं मत. पण त्याच दोन तासांत हिची आंघोळ, शेक, अळिवाची खीर आणि ‘बाळाला बघायला’ आलेली मंडळी. त्यात एक जण हमखास म्हणते, “आमचा पहिल्या दिवसापासून सलग झोपायचा.” हे आठवतं ते फक्त मुलं तिशी ओलांडलेल्या बायकांना. माझ्या बहिणीलाही भाची अगदी गरीब बाळ होती असं आठवतं. मला आठवतात ते चाळीत रात्री भिंत ठोकणारे शेजारी.

बहीण गुटीसाठी सहाण काढते, जायफळाचे दोन वेढे दिले की झोपेल म्हणते. सहा महिने दुधाशिवाय काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून भाची सहाण लपवते. नवरा शनिवारी पुण्याहून येतो आणि रविवारी आळस देत विचारतो, “रात्री शांत झोपला ना?” अर्ज फेटाळताना ती जशी बघत असेल, तशी त्याच्याकडे बघते.

मधे चार-पाच दिवस मात्र मला हसू आलं नाही. बाळ बहिणीकडे देऊनसुद्धा ही छताकडे बघत पडायची, कारण नसताना डोळे भरायचे. ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून बहीण सोडून देणार होती. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य खरं असतं, त्यावर उपचारही असतात, आणि डिंकाचे लाडू हा तो उपचार नव्हे. तिचं वेळेत निभावलं.

परवा रात्री तीनला मला जाग आली. डोक्यावर पावलंच नाहीत! काळजीने वर जाणार, तोच टाहो ऐकू आला. धावत गेले तर सगळं घर उठलेलं, आणि भाची त्याला खांद्यावर टाकून एकोणतीस त्रिक वर होती.

“काय झालं गं?”

“काही नाही गं मावशी. सहा तास झाले, उठलाच नाही. नाकाशी बोट धरलं, पण नीट कळेना. म्हणून जरा टोचून पाहिलं.” मग त्या टाहोकडे कान देऊन म्हणाली, “ठणठणीत आहे.”