कुलूप ओढून पाहणाऱ्यांचं आता काय करायचं?

मराठी माणूस कुलूप लावून थांबत नाही, ते ओढून पाहतो. एकदा साधं, एकदा अंगाचा भार टाकून. दोन जिने उतरल्यावर त्याला गॅसची आठवण येते, म्हणून तो परत वर जातो आणि आलोच आहोत तर आणखी एकदा ओढतो. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाची एसटी या विधीपायी चुकल्याचे दाखले घरोघरी मिळतील. अशा या समाजाला मोटार कंपन्यांनी बिनकिल्लीची गाडी विकली आहे.

बिनकिल्लीची म्हणजे किल्ली असते, पण ती हातात धरायची नाही. ती खिशात नाहीतर पर्समध्ये असली की पुरे. हँडलमध्ये बोटं घातली की दार उघडतं, ब्रेकवर पाय ठेवून गोल बटण दाबलं की इंजिन सुरू. उतरल्यावर हँडलवरच्या खाचेला बोट लावायचं, की आरसे मिटतात, दिवे डोळा मारतात आणि गाडी बंद. सेल्समनच्या हिशेबाने काम झालं. आमच्या सोसायटीतले निवृत्त बँक मॅनेजर मात्र तेवढ्यावर कसे थांबणार? ते हँडल ओढून पाहतात. किल्ली त्यांच्याच खिशात असते, त्यामुळे गाडी मालकाला ओळखते आणि अदबीने दार उघडते. साहेब पुन्हा बंद करतात, पुन्हा ओढतात, गाडी पुन्हा अदबीने उघडते.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. किल्ली दीड-दोन मीटरपलीकडे गेली की गाडी तिला ओळखत नाही. म्हणून गाडी बंद करायची, किल्ली काकूंकडे द्यायची, काकूंनी पार्किंगच्या तिसऱ्या खांबापाशी जाऊन उभं राहायचं आणि साहेबांनी रिकाम्या खिशाने दार ओढायचं.

"अगं, तिथेच थांब, पुढे येऊ नकोस!"

"अहो, पिशवीत दूध आहे, नासेल ते."

"एकदाच ओढतो."

बँकेची तिजोरी एकट्याने उघडायची नसते. दोघांकडे दोन किल्ल्या, त्याला जॉइंट कस्टडी म्हणतात. साहेबांची सगळी नोकरी या नियमात गेली. निवृत्तीनंतर तो नियम बेसमेंटमध्ये असा कामी येईल, असं पेन्शन विभागालाही वाटलं नसेल.

एका बाबतीत जुन्या काळाची उगाच आरती ओवाळायला नको. किल्ली झिजली की ती दुसऱ्याच्या पद्मिनी टॅक्सीलाही लागायची, असं मुंबईतले जुने टॅक्सीवाले सांगतात. मग प्रगती सुरू झाली. 1982 मध्ये फ्रान्सच्या रेनॉ फ्यूगोमध्ये दुरून बटण दाबून दारं उघडायची सोय आली. नव्वदच्या दशकाअखेर मर्सिडीजने आपल्या एस-क्लासमधून किल्ली खिशातच राहू द्या असं सुचवलं. श्रीमंतांचं ते कौतुक आता मध्यमवर्गीयाच्या कर्जाच्या हप्त्यात येऊन बसलं आहे, तेही एक व्हेरिएंट वर चढलं तर. खालच्या मॉडेलला किल्ली फिरवावी लागते. मनगट फिरवायचे कष्ट वाचवण्यासाठी माणूस पाच वर्षं हप्ते फेडतो.

गंमत शोरूममध्ये पाहावी. गाडीला हार घातलेला, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा बॉक्स, घरच्यांनी ठेवणीतले कपडे घातलेले. गाडीला किल्लीचं भोकसुद्धा दिसत नाही, पण फोटोसाठी तीन फुटी पुठ्ठ्याची किल्ली हजर. ती सगळ्यांनी मिळून धरायची आणि हसायचं. फोटो झाल्यावर सेल्समन कार्यक्रम सुरू करतो. उन्हात जाण्याआधी बटण दाबून एसी चालू करा. काचा बाहेरूनच खाली घ्या. पार्किंगमध्ये गाडी सापडेना तर तिला हॉर्न द्यायला लावा. हे सगळं ऐकून आजोबा एकच शहाणा प्रश्न विचारतात, "सेल संपला तर?" सेल्समन म्हणतो, "काका, वर्षभर तरी काही होत नाही," आणि पेढा पुढे करतो.

सेल संपतोच. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, 3 व्होल्टचा, सीआर 2032 नावाचा एक चपटा सेल लाखोंच्या गाडीचं भवितव्य ठरवतो. त्यावर उपायही आहे आणि तो खरोखर हुशारीचा आहे. बऱ्याच रिमोटच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर एक झाकण असतं, त्याखाली भोक. आत शिरल्यावर मेलेला रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायचा, काही गाड्यांत त्यासाठी वेगळी जागा केलेली असते. आतल्या चिपला सेल लागतच नाही, गाडीच्या लहरींतून मिळणाऱ्या विजेवर ती उत्तर देते आणि इंजिन सुरू होतं. ही सगळी माहिती मॅन्युअलमध्ये चित्रांसह दिलेली आहे. मॅन्युअल गाडीच्या कप्प्यात आहे. गाडी बंद आहे.

याहून मजेशीर प्रकार विमानतळावर घडतो. नवरा गाडी चालवत लोहगावला जातो, बॅग उतरवतो, बायको ड्रायव्हरच्या जागेवर सरकते आणि घराकडे निघते. किल्ली नवऱ्याच्या खिशात, नवरा बेंगळुरूच्या विमानात. गाडी ओरडून सांगते की किल्ली सापडत नाही, पण चालतं इंजिन बंद पाडत नाही, कारण भर रस्त्यात ते धोक्याचं. बायकोला वाटतं सीटबेल्टचा आवाज असेल. घरापाशी येऊन ती इंजिन बंद करते. पुढचा दीड दिवस त्या घरातले संवाद इथे छापता येणार नाहीत.

पण खरा विनोद चोरांनी केला आहे. तो समजायला किल्लीचं बोलणं समजायला हवं. हँडलला हात लागला की गाडी साधारण 125 किलोहर्ट्झवर हलक्या आवाजात विचारते, "कोण आहे?" खिशातली किल्ली आपल्याकडे साधारण 433 मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर देते. हाक मुद्दाम हलकी ठेवलेली, जवळच ऐकू यावी म्हणून. उत्तर आलं म्हणजे किल्ली जवळच असणार, असा गाडीचा भाबडा समज. चोर दोघं येतात. एक तुमच्या घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक दाराआड टेबलावर पडलेल्या किल्लीपर्यंत पोहोचवायची, किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत आणायचं. संकेत फोडायचाही नाही. निरोप्याला पत्र वाचता आलंच पाहिजे असं थोडंच आहे?

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्येच हे जगजाहीर केलं होतं. आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग केला, दहाही फसली. कंपन्यांनी ते वाचलं असणार, कारण त्यानंतर ही सोय त्यांनी आणखी स्वस्त गाड्यांत दिली. 2017 मध्ये ब्रिटनच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी एक सीसीटीव्ही चित्रण प्रसिद्ध केलं. त्यात दोघं जण घरासमोरची मर्सिडीज मिनिटभरात घेऊन जातात. काच फुटत नाही, भोंगा वाजत नाही. मालकालाही स्वतःची गाडी एवढ्या शिस्तीत बाहेर काढता येत नसेल. आपल्याकडच्या चोरांनी दुसरी विद्या आत्मसात केली. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे टॅब्लेटसारखी यंत्रं सापडली आहेत. काच फोडायची, मेकॅनिक वापरतात त्या डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडायचं आणि गाडीला नवी किल्ली शिकवायची. त्यांना जुनी किल्ली लागतच नाही.

दाराशी अँटेना धरणाऱ्या चोरांवर ब्रिटिश पोलिसांचा सल्ला असा की रात्री किल्ली धातूचं अस्तर असलेल्या पाकिटात ठेवा. आता हिशेब लावा. गाडीला कुलूप होतं, कुलपाला किल्ली होती. आता किल्लीलाच बंदोबस्तात ठेवायचं. मनगटाचे एका सेकंदाचे कष्ट वाचले आणि त्या बदल्यात घरी आल्यावर किल्ली पाकिटात, पाकीट कपाटात, आणि कपाट बंद केलं का हे ओढून पाहणं. मॅनेजरसाहेबांना ही व्यवस्था पसंत आहे.

काही कंपन्यांनी किल्लीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला. किल्ली काही वेळ निपचित पडली की झोपी जाते आणि कुणालाच उत्तर देत नाही. हे चांगलंच आहे, मालक झोपल्यावर किल्लीनेही झोपावं. काही नव्या गाड्यांत तर लहरीला जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजून अंतर ठरवतात. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला फूटभर जायला सेकंदाचा अब्जावा भाग लागतो, तेवढ्यावर चोरी पकडायची. जिथे चोराला लहरीपेक्षा वेगाने धावावं लागेल, ते कुलूप खरं. आमची तक्रार एवढीच की ते आधी का नाही बसवलं?

आणि आता किल्ली फोनमध्ये जाते आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये टेस्लाचा सर्व्हर बिघडला आणि अनेक देशांतल्या मालकांना फोनवरून स्वतःच्याच गाडीत शिरता येईना. इलॉन मस्क यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्यांच्या खिशात किल्लीचं काम करणारं प्लास्टिकचं कार्ड होतं ते आरामात घरी गेले. आपल्याकडे बेसमेंटमध्ये रेंज नसते, त्यामुळे सर्व्हर बिघडायची वाट पाहण्याचीही गरज पडणार नाही.

आता विम्याचं. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी पोलिसांच्या एफआयआरबरोबर दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच दिलीत तर दुसरी कुठे गेली, हलगर्जीपणा झाला का, अशी चौकशी सुरू होते आणि दावा लटकतो. म्हणजे जी गाडी चोराला किल्लीशिवाय नेता येते, तिची भरपाई मालकाला दोन किल्ल्यांशिवाय सुखासुखी मिळत नाही. तेव्हा पेपर बाजूला ठेवा आणि दुसरी किल्ली कुठे आहे ते आत्ता उठून बघा. गोदरेजच्या कपाटात नसेल, तर ज्या मुलाने गेल्या दिवाळीत गाडी नेली होती त्याला फोन करा.