राणीबागेतलं संक्रमण शिबिर

मुंबई बघायला आलेला पाहुणा आधी गेटवेला जातो. त्यात गैर काही नाही. पंचम जॉर्जच्या आगमनाची आठवण म्हणून ही कमान उभारली. राजेसाहेब १९११ साली येऊन गेले आणि कमान पुरी झाली १९२४ साली. हल्ली फ्लॅटचा ताबा याहून उशिरा मिळतो, म्हणून कुणी नावं ठेवू नयेत. शिवाय काम वाया गेलं नाही. १९४८ साली गोऱ्यांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीकडे गेली. स्वागतासाठी बांधलेली वास्तू निरोपाला कामी आली.

तिथून पाहुणा लाँचने एलिफंटाला जातो. तासभर डोलत पोचतो, पायऱ्या चढतो, त्रिमूर्तीपुढे फोटो काढतो आणि दमून परततो. पण हत्ती कुठाय, हे विचारायचं त्याला सुचत नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीचं एलिफंटा केलं, तो हत्ती भायखळ्याला राहतो. तिकडे लाँच लागत नाही, लोकल पुरते.

१८६४ साली साहेबाने हा हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती आपटला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून हत्ती उभा राहिला १९१४ साली. मधली पन्नास वर्षं काय चाललं होतं, असं परगावचा माणूस विचारेल, मुंबईकर नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर त्याच्या अगदी जवळ जाऊन बघा. गळक्या चाळीची भिंत लिंपावी तशा अंगभर सांध्यांच्या रेघा दिसतात. तरी गडी उभा आहे.

त्याला सोबतही मोठी घराणेदार. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि कंडक्टरच्या तोंडी राणीबाग असलेलं हे आवार म्हणजे शहरातलं सर्वात जुनं संक्रमण शिबिर. फोर्टातून ज्यांना ज्यांना उठवलं, त्यांचं पुनर्वसन इथे. राणी व्हिक्टोरिया इथे आहेत. १८९६ साली चापेकर बंधूंनी यांच्याच पुतळ्याला डांबर फासलं होतं. लॉर्ड कॉर्नवॉलिस इथे आहेत. फोर्टात असताना भाबडे लोक त्यांना देव समजून फुलं वाहायचे. आता राणीबागेत आलेली पोरं त्यांना ओलांडून पेंग्विनकडे धावतात.

पेंग्विनांचं वेगळं. ते २०१६ साली सोलहून आले आणि त्यांना काचेची गारेगार खोली मिळाली. राज्य केलेले उन्हात आणि मासे खाणारे एसीत. मुंबईत जागा कुणाला मिळते, याचा अभ्यास करणाऱ्याने दुसरीकडे कुठे जायची गरज नाही.

पण शिबिरातली खरी केस काळ्या घोड्याची. सातवा एडवर्ड युवराज असताना मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून ससूनशेटनी १८७९ साली त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. लोकांनी पुतळा नीट पाहिला आणि त्या जागेला नाव दिलं घोड्याचं. वर कोण बसलंय, याची चौकशी कुणी केली नाही. १९६५ साली पुतळा भायखळ्याला हलवला. तक्रार स्वाराबद्दल होती, पण घोडाही सामानासकट गेला. नाव मात्र मागेच राहिलं. घोडा नसलेल्या काळ्या घोड्यात लोक चित्रं मांडत राहिले, उत्सव भरवत राहिले.

अखेर २०१७ साली पुनर्विकास झाला. काळ्या घोड्यात पुन्हा काळा घोडा आला, बिनस्वाराचा. पाहुणे त्याच्यापाशी उभे राहून हौसेने फोटो काढतात. पण हा घोडा तो नव्हे. मूळ रहिवासी राजाला पाठीवर घेऊन अजून भायखळ्याच्या शिबिरातच आहे. त्याच्या जागेचा ताबा त्याच्याच नावाने भलत्याला मिळाला. सगळं रीतसर झालं, उद्घाटनही झालं.