विनंती विशेष

घरातली पत्रं लिहायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. अक्षर बरं, एवढंच कारण. मायना तोंडपाठ: कृ. सा. न. वि. वि. म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पाच अक्षरांत वाकणं उरकायचं आणि लगेच मुद्द्यावर यायचं, बहुधा पैशांच्या. पेशवाईतले कारकून याबाबत काटेकोर. धन्याला 'विज्ञापना', बरोबरीच्याला 'विनंती'. काही मंडळी 'शिरसाष्टांग' लिहीत. छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात, गुडघे अशी ही आठ अंगं. त्यांत शिर आधीच आलं. म्हणजे शिरसाष्टांगवाला डोकं दोनदा टेकवतो! हे ज्ञान पाजळायची मला भारी हौस.

भाच्याच्या साखरपुड्यात ती नडली. हल्लीची पोरं थोरांच्या गुडघ्याला हात लावून मोकळी होतात, यावर माझं व्याख्यान रंगात आलं होतं. "मग मामा, दाखवा की करून," भाचा म्हणाला. समोर खुर्चीत माझे नव्वदीतले थोरले काका. माघार कशी घेणार? झालो आडवा. छाती टेकली, डोकं टेकलं, गुडघे टेकले, दृष्टी सतरंजीत रुतली. उठायला गेलो आणि कमरेत अशी उसण भरली की उरलेली वाणीही बाहेर पडली. ती नमस्कारात बसणारी नव्हती.

दंडवत म्हणजे काठीसारखं पडणं. महानुभाव मंडळी आजही भेटल्यावर 'दंडवत प्रणाम' म्हणतात. मी काही न म्हणता नुसता काठी होऊन राहिलो. जुन्या पत्रांत नमस्कारामागून 'येथील कुशल' कळवायची रीत आहे. येथील कुशल संपलं होतं.

काकांना ऐकू कमी येतं, पण वळण जुनं. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग खाली वाकून म्हणाले, "नमस्कार पोचला रे. आता विनंती काय ती बोल. पैसे सोडून."

होणाऱ्या व्याह्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मला उचललं. नव्या सोयऱ्यांशी माझी ओळख झाली ती ही अशी, बगलेत हात घालून.

तरी समस्त वडीलधाऱ्यांस कळावे, की यापुढे आमचा साष्टांग नमस्कार टपालानेच येईल. गुडघ्याला हात लावणाऱ्या पोरांबद्दल आमची काही तक्रार नाही.